कोर्लईचे चार दिवस

मधुचंद्र हा शब्द आमच्या कामरगावात उच्चारला की वडीलधारी मंडळी दुसरीकडे पाहू लागतात. लग्न उरकावे आणि दुसऱ्या आठवड्यात कपाशीच्या रानात उभे राहावे, हीच तिथली रीत. वास्तविक अनुवादाच्या 24 व्या अध्यायात नवविवाहित पुरुषाला वर्षभर सैन्यातून सूट दिलेली आहे, तीही पत्नीला आनंदात ठेवण्यासाठी! आम्ही चारच दिवस मागितले.

मूर्तिजापूरहून रेल्वेने मुंबई, गेटवेहून लाँचने मांडवा, पुढे अलिबाग, रेवदंडा आणि खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लई. दोघांचे मोबाइल आईच्या कपाटात ठेवून आलो होतो. (त्यावरून घरात जे महाभारत घडले ते येथे सांगत नाही.)

कुंडलिकेच्या मुखाशी, किल्ल्याच्या डोंगराखाली हे गाव वसले आहे. पोर्तुगीज 1740 मध्ये येथून गेले. त्यांच्या भाषेतून आणि मराठीतून घडलेली बोली मात्र येथील कॅथलिक घरांत अजून नांदते. ती शाळेत शिकवली जात नाही. आईकडून लेकरांकडे येते. आम्ही उतरलो होतो त्या घरातील वृद्ध जोडपे ओट्यावर बसून याच बोलीत तासन् तास गुजगोष्टी करी. आम्हां दोघांत बोलण्यासारखे अद्याप काही घडलेच नव्हते. ठरवून झालेले लग्न, त्यात लग्नाआधीच्या दोन भेटी, त्याही नातेवाइकांच्या गराड्यात.

पहिले दोन दिवस ती शांतता अंगावर येई. समुद्र प्रथमच पाहणारी पत्नी एवढेच म्हणाली, “एवढं पाणी, अन् घोटभर पेता येत नाही!”

तिसऱ्या सायंकाळी किल्ल्यातील भग्न चर्चच्या भिंतीपाशी बसलो असता ती एकाएकी बोलू लागली. लग्नाच्या खर्चासाठी तिच्या वडिलांनी दोन एकर रान गहाण ठेवले होते. ते मला कळता कामा नये, अशी तिला घरून ताकीद होती. मी काय म्हणेन या धास्तीने ती मांडवापासून घास धड गिळत नव्हती.

खाली उतरून ओल्या वाळूवर काटकीने हिशेब मांडला. माझा पगार, तिचे शिवणकाम, आहेराची पाकिटे. तीन हंगामांत रान सुटेल असे दिसले.

“पण बाबा जावयाचा पैसा घेतील का?” तिने विचारले.

चौथा दिवस याच प्रश्नावर गेला.