बाळू, 20 तारखेला ये

8 नोव्हेंबर 2024



परवा तू फोनवर म्हणालास, "आत्या, रजा घालून, ट्रॅव्हल्सचं भाडं भरून विधानसभेच्या मतदानाला कशाला येऊ? निवडून आलेला उद्या कुठल्या पक्षात असेल, त्याला तरी माहीत आहे का?" फोनवर यावर नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

तुझा राग खोटा नाही. 2019 ला मोठे पक्ष चार होते, आता सहा झालेत. धनुष्यबाण कोणाचा नि मशाल कोणाची, घड्याळ कोणाचं नि तुतारी कोणाची, हे मी गल्लीतल्या म्हाताऱ्यांना अजून समजावतेच आहे. पण गावात बोलणं निघतं ते सोयाबीनवरून.

दिवाळीआधी तुझ्या बाबांबरोबर मी खरेदी केंद्रावर गेले होते. यंदाचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या पावसात शेंगा भिजल्या, रास उशिरा झाली. केंद्रावरच्या पोराने मूठभर दाणे यंत्रात ओतले, झाकण दाबलं. ओलाव्याचा आकडा आला 14 टक्के. नियम 12 चा. "काका, वाळवून आणा," एवढंच तो म्हणाला. त्याचाही दोष नाही. पण वाळवायला जागा कुठे, आणि दुकानदाराची खताची उधारी तोवर थांबते का? टेम्पो तसाच आडतीवर नेला. पट्टी 4,050 ने झाली. दहा वर्षांपूर्वीही भाव चार हजारांच्या आसपासच होता. तेव्हाची मजुरी आणि आताची मजुरी बाबांना विचार. पट्टी खिशात घालताना ते काही बोलले नाहीत. मलाच फार लागलं ते.

आता लाडकी बहीण योजनेच्या पैशांचं. मला पेन्शन आहे, म्हणून मी त्यात नाही. पण शेजारच्या काकूंच्या खात्यात नोव्हेंबरपर्यंतचे 7,500 रुपये आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या सहीने पैसे काढले आणि चष्मा केला. शहरात बसून याला कोणी लाच म्हणत असेल तर मला ते पटत नाही. बाईच्या हातात पैसा आला की घरात तिचं ऐकलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. मात्र या आठवड्यात एका बाजूने महिना 2,100 चा शब्द दिला आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुसरीने 3,000 चा. ही बोली चढत जाते आणि भावाचं, शाळेचं बोलणं मागे पडतं, याची मला काळजी वाटते.

आणि खरं सांगायचंय ते पुढेच. आपल्या लातूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पंचायत समितीचीही. तेव्हापासून निवडणूक नाही, प्रशासक आहे. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची हीच गत, मुंबई महापालिकेचीही. आधी ओबीसी आरक्षणाचा पेच झाला. मग एका सरकारने सदस्यसंख्या वाढवली, दुसऱ्याने ती फिरवली, आणि प्रकरण कोर्टात जाऊन बसलं. मुदत संपली तेव्हा सत्तेत एक आघाडी होती, त्यानंतर दुसरी आहे. दोघांनाही याची घाई नव्हती.

मी ज्या शाळेत शिकवलं, तिची एक खोली पावसाळ्यात गळते. पूर्वी असं झालं की आम्ही शिक्षक जिल्हा परिषद सदस्याच्या घरी जायचो. तो ओरडायचा, टाळायचा, पण सर्वसाधारण सभेत अधिकाऱ्याला उभं करून विचारायचा, कारण त्याला पुन्हा आमच्याच दारात यायचं असायचं. आता ग्रामसेवक म्हणतात, "मॅडम, प्रस्ताव वर गेलाय." वर म्हणजे कुठे, तर शेवटी आमदारांकडे. गटारीपासून पाणंद रस्त्यापर्यंत सगळं एकाच माणसाच्या शिफारशीवर आलं आहे. मग तो पक्ष बदलू दे नाहीतर काही करू दे, माणसं त्याच्या दारात उभी राहणारच. तुझ्या रागाचं मूळ मला इथे दिसतं. मोठे नेते झालेले विलासराव देशमुख आधी बाभळगावचे सरपंच होते, पुढे पंचायत समितीत गेले. आर. आर. आबा पाटीलही आधी सांगलीच्या जिल्हा परिषदेत होते. ती शिडीच काढून घेतली, तर आपल्या गावातल्या पोरांनी कुठून चढायचं? घरातच तिकीट असलेल्यांचं काही अडत नाही.

जातीचं तापलेलं आहेच. मराठा आरक्षणासाठी लढणाऱ्या जरांगे पाटलांनी 4 तारखेला निवडणुकीतून माघार जाहीर केल्यापासून कोणाची मतं कुठे जाणार, याचीच गणितं चालली आहेत. मराठ्याच्या पोराची निराशा खरी आहे आणि ओबीसीची भीतीही. एकत्र राशी करणारी माणसं पारावर वेगळी बसू लागली, ते मला बघवत नाही. यावर मला उपाय सुचलेला नाही.

म्हणून तू ये. बुधवारी सुट्टी आहे. त्याआधीच्या रविवारी आलास तर जास्त बरं, कारण त्या आठवड्यात उमेदवार गावात येतील. इथली माणसं त्यांच्यापुढे हप्त्याचं विचारतात, भावाचंही विचारतात, पण जिल्हा परिषदेची निवडणूक कधी घेणार हे कोणी विचारत नाही. मी विचारणार आहे, सगळ्यांना, एकच प्रश्न. बाई एकटीने विचारलं की हसून पुढे जातात. तू आणि तुझे दोघे-तिघे मित्र शेजारी असलात तर उत्तर द्यावं लागेल.

यादीत तुझं नाव आहे, मी मतदान केंद्रावर जाऊन पाहून आले. वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलंय, तेवढ्याने अडणार नाही. मतदार ओळखपत्र पुण्याला असेल तर आठवणीने आण. बाबांसाठी गुडघ्याचा पट्टा आणायचा होता, तोही घेऊन ये.

तुझी,
आत्या