बो-लू की बोल्-ऊ?

परवा रात्री नातीचा फ्रान्सहून व्हिडिओ कॉल आला. चेहरा पडलेला. शाळेत क्रियापदांचे धातू आणि प्रत्यय वेगळे करायला दिले होते, आणि वहीभर लाल रेघा. "आजी, मी टाळ्या वाजवूनच तोडलं होतं गं!"

माझं फ्रेंच तिच्या जुन्या पुस्तकांपुरतं, तेही सत्तरी उलटल्यावर सुरू केलेलं. पण व्याकरण म्हटलं की माझ्यातली बाई जागी होतेच. 'पार्लों' म्हणजे आम्ही बोलतो, किंवा नुसतं 'बोलू या'. तिने तोडलं होतं पार-लों. हवं होतं पार्ल्-ओं. धातूतला ल् उच्चारताना प्रत्ययाच्या कडेवर जाऊन बसतो, एवढीच भानगड. म्हटलं, आपलं 'बोलू' घे. टाळ्या बो-लू, पण धातू बोल् आणि प्रत्यय ऊ. इथेही ल् पलीकडे! ती खुदकन हसली.

'ते बोलतात' या रूपात तर शेवटची ई-एन-टी ही तीन अक्षरं लिहायची, पण म्हणायचं नुसतं 'पार्ल'. प्रत्ययाला टाळीच नाही! आणि जर-तरचं 'पार्लेऱ्यों': टाळ्या तीन, तुकडे चार. आधी धातू, मग भविष्यकाळातला 'एर', मग भूतकाळाकडून उसना आणलेला 'इ', शेवटी 'आम्ही'चा 'ओं'. मला तर हे फारच आवडलं.

तेवढ्यात तिने विचारलं, "मग मी चुकले की नाही?"

मी गप्प झाले. चाळीसेक वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलीने फळ्यावर 'बो + लू' लिहिलं होतं. मी फुली मारली, वर म्हटलं, "एवढंही येत नाही?" वर्ग हसला. ती पुन्हा कधी फळ्यापाशी आली नाही. तिने कानाने तोडलं होतं, आणि कानाला ते बरोबरच होतं. आज ती पन्नाशीत असेल. कुठे असते कोण जाणे.

नातीला म्हटलं, "टाळ्या बरोबर होत्या बाळा. बाईंनी विचारलं होतं दुसरंच."

असो. उद्या 'फिनिसों'ची पाळी. त्यातला मधला 'इस' धातूत घालायचा की वेगळा ठेवायचा, यावर आमचं अजून भांडण चालू आहे.