एका शब्दाचे ओझे

'भ्रूणहत्या' हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. धर्मशास्त्रकारांनी तो घोर पातकांत गणला, कीर्तनांतून तो आमच्या पिढीच्या कानी पडला, आणि पुढे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या फलकांवर 'स्त्रीभ्रूणहत्या' या रूपाने शहरोशहरी झळकला. गुजरात सरकारच्या नोकरीत आयुष्य कागदांवरील शब्द तोलण्यात गेले, म्हणून म्हणतो : या एका शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत.

मुलगी आहे म्हणून गर्भ खुडणे हा स्त्रीजातीवरील अन्याय आहे. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या गुजरातेत 1991 साली 928 होती, ती 2001 मध्ये 883 वर आली. म्हणूनच 1994 चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा हवाच होता. परंतु नको असलेल्या गर्भातून सुटका मागणारी स्त्री हा निराळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने दिले.

तत्पूर्वी 1860 च्या दंडसंहितेनुसार, स्त्रीचा जीव वाचवण्याचा हेतू नसेल तर गर्भपात करणारा आणि स्वतः ती स्त्रीही गुन्हेगार ठरे. या कडक तरतुदीने गर्भपात थांबले नाहीत. ते सुईणींच्या अंधाऱ्या खोल्यांत गेले. आमच्या शेजारच्या सुरतेत 1881 साली विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सौम्य करण्यात आली. त्या वेळी उठलेल्या निंदेच्या गदारोळातच ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. जोतीराव फुल्यांनी तर त्याआधीच, 1863 साली, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. अडलेल्या स्त्रीला दोष देण्यापूर्वी तिला दार उघडावे, हे त्यांनी ओळखले होते. शंभर वर्षांनी, 1964 मध्ये, शांतिलाल शहा समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून हा कायदा आला.

कायदा आला तरी दार सर्वत्र उघडले असे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पोळ्या करावयास येणारी, दोन मुलांची आई असलेली एक बाई सौभाग्यवतींपाशी रडली. दिवस गेले होते, नवरा कामासाठी परगावी होता आणि एका रुग्णालयाने 'नवऱ्याची सही आणा' म्हणून तिला दोनदा परत पाठवले होते. मी कायद्याचे कलम काढून दाखवले : सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिचीच संमती पुरेशी असते. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, म्हणजे माझी एकटीची सही चालते?" आपल्या देहाविषयी आपली सही चालते, हे तिला वयाच्या तिसाव्या वर्षी प्रथमच कळत होते.

आमच्या मंडळातील एक ज्येष्ठ स्नेही म्हणतात, जीव तो जीव; तो पहिल्या दिवसाचा असो वा नवव्या महिन्याचा. त्यांच्या म्हणण्यातील करुणा मी नाकारीत नाही. गर्भ वाढत जातो तसा त्याचा हक्कही वजनदार होत जातो, हे मलाही पटते. कायद्याने घातलेली आठवड्यांची मर्यादा म्हणजे हेच वजन करण्याचा ढोबळ तराजू आहे. 2021 च्या दुरुस्तीने ठरावीक प्रकारच्या स्त्रियांसाठी ही मर्यादा वीसवरून चोवीस आठवड्यांवर नेली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात अविवाहितेलाही स्थान दिले. मात्र ऑक्टोबर 2023 मध्ये, गर्भात व्यंग नाही आणि मातेच्या जिवास तातडीचा धोका नाही असे पाहून, सव्वीस आठवड्यांवरील गर्भाच्या बाबतीत एका विवाहितेला परवानगी नाकारली. दोन्ही निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठांचे आहेत. मला त्यांत विसंगती दिसत नाही. तराजूची पारडी प्रकरणागणिक हलतात, इतकेच.

खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. लिंगनिदानाच्या खटल्याची धास्ती घेऊन काही डॉक्टर कायदेशीर गर्भपातही टाळतात. मग खेड्यातील स्त्री पुन्हा आडवाटेला लागते, आणि उशीर झाला की तोच तराजू तिच्याविरुद्ध झुकतो. मुली वाचवण्याच्या मोहिमेचा भुर्दंड असा स्त्रियांनीच भरावा, हे न्यायाचे नाही. निदान आपल्या घरांत, सुनालेकींसमोर बोलताना, आपण हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. पाप कशाला म्हणावे हे ज्याचे त्याने ठरवावे. सही कोणाची चालते, हे मात्र प्रत्येक मुलीला वेळेवर ठाऊक असले पाहिजे.