मॉर्व्हाँच्या पाणंदी

फ्रान्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयफेल टॉवर येतो, अत्तरं येतात, फार तर द्राक्षांचे मळे. चिरंजीव नोकरीनिमित्त दिजाँ या शहरात स्थायिक झाले, तिथलीच मुलगी सून म्हणून आमच्या घरात आली, तरी माझ्या डोक्यातलं फ्रान्स तेवढंच होतं. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी तिकडे गेलो आणि पहिल्याच रविवारी मुलाने मला विचारलं, "बाबा, सायकल चालवणार का?"

आमच्या सौ.ने लगेच माझ्या वयाची आठवण करून दिली. पण सायकल हा माझ्यासाठी शौक नव्हताच कधी. मी पस्तीस वर्षं तलाठी होतो. आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव मोठं झालं, दप्तर तेच. पाथर्डीकडच्या माळरानावर माझ्या सजातली गावं मी सायकलवरूनच फिरलो. कॅरिअरला दप्तर, हँडलला जेवणाचा डबा आणि वाटेत बाभळीचे काटे. पंक्चरचं सामान नसलेला तलाठी आमच्याकडे कुणी पाहिला नसेल.

दिजाँच्या पश्चिमेला मोटारीने दीडएक तासावर मॉर्व्हाँ नावाचा डोंगराळ मुलूख आहे. ग्रॅनाइटचा कठीण खडक, ओक, बीच आणि चेस्टनटची रानं, मध्येच कुंपणांनी आखलेली कुरणं आणि त्यांत सावकाश चरणाऱ्या पांढऱ्या शुभ्र शारोले गाई. सगळ्यांत उंच डोंगर ९०१ मीटरचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे धाकटाच. १९७० साली सरकारने हा भाग प्रादेशिक निसर्ग उद्यान म्हणून जाहीर केला. सूनबाईची आजी इथल्याच एका खेड्यात राहते. तिला सगळे 'मेमे' म्हणतात. आम्हीही मेमेच म्हणू लागलो.

डोंगरात चालवायच्या सायकलीला तिकडे 'वेतेते' म्हणतात. 'कुठल्याही जमिनीवर चालणारी सायकल' अशा अर्थाच्या तीन फ्रेंच शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. जाड दातेरी टायर, पुढे धक्के पचवणारा काटा, रुंद हँडल. माझ्यासाठी मुलाने बॅटरीची भाड्याने आणली होती. ही सायकल आपण पॅडल मारलं तरच मदत करते आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे हात आखडता घेते. म्हणूनच तिला कायद्याने सायकलच मानतात, मोटारसायकल नव्हे. निघण्यापूर्वी मुलाने दोनच गोष्टी बजावल्या. पहिली म्हणजे, आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, इथे तो डाव्या हाताला. उतारावर सवयीने हात गेला तर माणूस हँडलवरून पुढे पडायचा. दुसरी, उतरताना दोन्ही पॅडल एका पातळीत ठेवून सीटवरून थोडं मागे सरकायचं आणि नजर दगडावर नाही, दगडाच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर ठेवायची. जिकडे पाहावं तिकडे चाक जातं.

हे दुसरं मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बैलगाडीच्या चाकोरीतून सायकल काढलेल्या माणसाला ते हाडातच ठाऊक असतं.

वाटांना खुणा आहेत. झाडाच्या खोडावर किंवा खांबावर एक त्रिकोण आणि त्याला लागून दोन वर्तुळं दिसली की ती सायकलींची वाट. हिरवा रंग सोपा, निळा थोडा कसाचा, लाल अवघड आणि काळा म्हणजे हाडांचा विमा उतरवलेल्यांसाठी. लांब पल्ल्याच्या पायी वाटांना पांढरे-तांबडे पट्टे असतात. बऱ्याच जागी एकाच खोडावर दोन्ही खुणा दिसतात, तिथे चालणाऱ्याचा मान पहिला. याच मॉर्व्हाँच्या उत्तर टोकाला असलेल्या आव्हालाँ गावापासून थेट भूमध्य समुद्रापर्यंत तेराशे किलोमीटरहून लांब सायकलवाट आखलेली आहे. आम्ही अर्थातच हिरव्या आणि निळ्या वाटांवर समाधानी होतो.

पण मला नवल वाटलं ते निराळंच. या वाटा कुणी सायकलींसाठी बांधलेल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंनी दगडी बांध, वर झाडांची कमान, मध्ये खोल गेलेली चाकोरी. पहिल्याच वळणावर मी सायकल थांबवली आणि म्हणालो, "अरे, ही तर पाणंद आहे!"

आणि ती पाणंदच होती. एकेकाळी पॅरिसच्या चुली या रानावर पेटत. सोळाव्या शतकापासून मॉर्व्हाँतलं जळाऊ लाकूड ओढ्यांत सोडून योन नदीला मिळवत आणि तिथून ते पॅरिसला जाई. कुठला ओंडका कुठल्या व्यापाऱ्याचा हे कळावं म्हणून त्याच्या टोकाला हातोडीने खूण ठोकलेली असे आणि खाली क्लाम्सी गावात त्यांची निवड होई. आज जिथे लोक होड्या चालवतात तो सेताँचा तलावसुद्धा एकोणिसाव्या शतकात, हा लाकूडवाहतुकीचा पाण्याचा लोंढा सांभाळण्यासाठी बांधला गेला. पुढे कोळसा आला, रेल्वे आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा उद्योग बुडाला.

रानातून ओढ्यापर्यंत लाकूड न्यायचे ते बैलगाडीवाले. त्यांना 'गाल्व्हाशे' म्हणत. शेतीवर पोट भरेना, तेव्हा ही माणसं मे महिन्याच्या सुमाराला बैलजोडी घेऊन परमुलखात वाहतुकीच्या कामाला निघत आणि हिवाळ्याच्या तोंडावर घरी परतत. आनो नावाच्या गावात त्यांचं छोटं संग्रहालय आहे. तिथलं जू, शिवळा, चाबूक पाहताना मला आमच्याकडची ऊसतोडीची बिऱ्हाडं आठवली. आमची माणसं दिवाळीनंतर निघतात, ही उन्हाळ्यात निघत, एवढाच फरक. मागे राहिलेल्या बायकांची कथा तर आणखीच जिवाला लागणारी. मॉर्व्हाँच्या कित्येक बाळंतिणी पॅरिसच्या श्रीमंत घरांत दूध पाजायला दाई म्हणून जात आणि स्वतःचं तान्हं गावात ठेवून जात. पॅरिसमधली अनाथ मुलंही सांभाळायला याच खेड्यांत पाठवली जात. आलीन्यी गावात त्यांचंही संग्रहालय आहे. आमची सौ. तिथून बाहेर पडली ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या मुलाला कुणाच्या हाती ठेवून कुणी सुखाने जात नाही हो."

मुलगा गाडी चालवत होता. तो काही बोलला नाही.

माँ ब्यव्ह्रे या डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वीचं बिब्राक्त हे गॉल लोकांचं नगर उत्खननात सापडलं आहे. इसवी सनापूर्वी ५२ साली रोमनांविरुद्ध जमलेल्या टोळ्यांनी आपला सेनापती याच जागी कायम केला. पण तलाठ्याची नजर भलत्याच गोष्टीकडे जाते. माथ्याजवळ बीचची झाडं विचित्र वाकडीतिकडी होती. खोडं जमिनीसरशी आडवी जाऊन मग वर उठलेली. सूनबाईने सांगितलं, ही जुनी कुंपणं. शेतकरी कोवळ्या फांद्या वाकवून, एकमेकींत गुंतवून कुंपण घालत. शेती सुटली, कुंपण छाटायला कुणी उरलं नाही आणि कुंपणाचे वृक्ष झाले. म्हणजे शेतकरी गेला, पीक गेलं, पण हद्द उभी राहिली! इतकी जिवंत हद्दीची खूण मी सगळ्या नोकरीत पाहिली नव्हती.

रान मात्र सगळीकडे असं जुनं नाही. पानझडी झाडं तोडून एकसारखी डग्लस जातीची सूचिपर्णी झाडं लावलेले डोंगरच्या डोंगर आहेत. ती वाढली की एकदम सपाट कापतात आणि अवजड यंत्रं जुन्या वाटांचा चिखल करून जातात. यावर तिथे मोठा वाद आहे. काही नागरिकांनी तर पैसे जमवून पानझडी रानाचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली आहे. सप्टेंबर उजाडला की शिकारीचा हंगाम सुरू होतो. नारिंगी जाकिटं घातलेले शिकारी आणि 'शिकार चालू आहे' अशी पाटी दिसली की आम्ही निमूटपणे सायकली वळवत असू. रानडुकरासाठी निघालेली गोळी माझ्यासारख्या परदेशी पाहुण्याला ओळखणार थोडीच!

एक दिवस मेमेच्या गावाजवळ नकाशात दाखवलेली वाट जमिनीवर सापडेना. समोर काटेरी जाळी, पलीकडे कुरण. मुलाने मोबाइलवर तिथला जमीन-नकाशा उघडला. नेपोलियनच्या काळी, १८०७ च्या कायद्याने या मोजणीची सुरुवात झाली आणि आज तो कुणालाही घरबसल्या पाहता येतो. वाट नकाशावर ठळक होती.

मग कायदा समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. अशा वाटेला 'ग्रामीण मार्ग' म्हणतात. मालकी गावाची, वापर सगळ्यांचा. पण त्यात एक मेख आहे. शेजारच्या शेतकऱ्याने ती वाट आपल्या कुरणात घेतली आणि तीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार मालकासारखी वापरली, तर तो तिच्यावर हक्क सांगू शकतो. गाव ओस पडलं, चालणारं कुणी उरलं नाही की वाट आपसूक शेतात विरघळते. २०२२ साली झालेल्या एका कायद्याने थोडा दिलासा दिला. गावाने आपल्या वाटांची मोजदाद करायचा ठराव केला, तर ती मुदत दोन वर्षांपर्यंत थांबते. मेमेच्या गावात ही मोजदाद चालू होती आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी वाटा साफ करायला माणसं बोलावली होती.

आम्ही गेलो. वीसएक जण असतील. त्यांत सायकलवाली तरुण मुलं होती, दोन शिकारी होते, सरपंचबाई होत्या आणि शहाऐंशी वर्षांची मेमे खुर्ची टाकून बसली होती. तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि आपल्या नवऱ्याचा आकडेदार कोयता माझ्या हाती ठेवला. मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली. आपल्या कोयत्याहून जड, पण हाताला लगेच बसला. मी जाळी तोडत गेलो, मुलगा फांद्या ओढत गेला. दुपारपर्यंत दोनशे पावलं वाट मोकळी झाली आणि खाली चाकांनी झिजलेले दगड दिसू लागले. मेमे काहीतरी म्हणाली. सूनबाईने सांगितलं, "ती या वाटेने शाळेत जायची."

आता इथे घरची गोष्ट सांगायला हवी. गावाकडे आमचं सव्वादोन एकर रान आहे. तिथे जाणारी पाणंद जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर चुलतभावाने नांगरून आपल्या तुरीत घातली. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. असे दावे मी आयुष्यभर पाहिले. जागेवर जाऊन पंचनामे केले, भावाभावांना एकमेकांच्या अंगावर धावताना पाहिलं. म्हणूनच स्वतःचा अर्ज लिहायला हात उचलत नव्हता. सौ.चं म्हणणं, भाऊबंदकी नको, रान विकून टाका. मुलानेही मागे फोनवर तेच सुचवलं होतं. "तिथे जाणार कोण आहे, बाबा?" हा त्याचा प्रश्न. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या शनिवारी रात्री काट्यांनी ओरबाडलेल्या हातांना आम्ही तेल चोळत बसलो होतो. मुलगा संगणक उघडून बसला आणि म्हणाला, "आपला गट नंबर काय?"

मी सांगितला. महाभूनकाशावर आमचा गट उमटला. त्याने बोटाने खालच्या अंगाने रेघ दाखवली. "हा कोण?"

"ते काकांचं."

"आणि पाणंद कुठून येते?"

"ओढ्याकडून. तुझे आजोबा तिथूनच गाडी घालायचे. गावच्या नकाशात ती दुहेरी तुटक रेघेने दाखवलेली आहे. तो नकाशा माझ्या कपाटात आहे, निळ्या फाइलीत."

"जूनमधली तारीख?"

"अकरा."

त्याने बोटांवर महिने मोजले. सौ. विणकामातून मान वर न करता म्हणाली, "आधी भावाला एक फोन करा. मग काय ते कागद."

"फोन मी करतो काकांना," मुलगा म्हणाला. "आणि नाहीच ऐकलं तर? अर्ज कुणाच्या नावाने?"

"सातबाऱ्यावर आपल्या दोघांची नावं आहेत," मी म्हटलं, आणि त्याला कोरा कागद आणायला सांगितला.