आमच्या दुकानाची पाटी

सीमाभागात दुकानाची पाटी ही नुसती पाटी नसते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हापासून तिच्यावर कोणती लिपी वर, कोणती खाली, कोणते अक्षर मोठे, यावर येथे वाद होत आले आहेत. २०२४ साली कर्नाटकात झालेल्या कायदादुरुस्तीनंतर पाटीचा ६० टक्के भाग कन्नडसाठी राखणे बंधनकारक आहे. उरलेल्या भागात मराठी आणि इंग्रजी यांनी आपापसांत काय ते वाटून घ्यायचे. म्हणूनच आमच्या वाचनालयाच्या पुस्तकविक्रीसाठी इंटरनेटवर दुकान थाटायचे ठरले, तेव्हा आमच्यातील एक ज्येष्ठ सहकारी समाधानाने म्हणाले, “तेथे तरी कोणी मोजपट्टी घेऊन येणार नाही.” हे वाक्य आम्हा सर्वांनाच आवडले. मोजपट्टी कोणी आणली नाही हे खरे. परंतु पाटी आमच्याच हातून कशी चुकली, ते आज सांगायचे आहे.

दुकान थाटण्याचे कारण साधे होते. सीमालढ्याविषयीच्या पुस्तिका, स्थानिक लेखकांचे कथासंग्रह, गावोगावच्या शाळांच्या स्मरणिका अशी पुस्तके आमच्या कपाटांत आहेत. पुण्यामुंबईच्या दुकानांत ती सहसा मिळत नाहीत. ती मागणारे वाचक मात्र दूर दूर पसरलेले आहेत. कोणी कोल्हापुरास, कोणी म्हापशास, कोणी इंदुरास. पत्र किंवा फोन येई, आम्ही वहीत नोंद करू, पैसे पोहोचल्याची खातरजमा करू आणि मग टपाल कचेरीत जाऊ. या खटाटोपात निम्म्या मागण्या मागेच राहत.

भाड्याने तयार दुकान देणाऱ्या सेवा अनेक आहेत. आम्ही वर्डप्रेस आणि त्यावर चालणारे वूकॉमर्स निवडले. दोन्ही मुक्त स्रोताची आहेत, ग्राहकांची यादी आपल्याच हाती राहते, आणि त्यांतील प्रत्येक शब्द स्वतंत्र भाषांतर-धारिकेत ठेवलेला असल्यामुळे तो आपल्याला हवा तसा मराठीत आणता येतो. हे तिसरे कारण आम्ही बैठकीच्या इतिवृत्तातही लिहिले होते. प्रत्यक्षात काम सुरू झाल्यावर मात्र आम्ही ते विसरलो. मांडणी करून देणारा तरुण म्हणाला, “आधी इंग्रजीतच सुरू करू या, म्हणजे काही बिघडणार नाही.” आम्ही मान डोलावली. पुस्तकांची नावे तेवढी मराठीत, बाकी सर्व बटणे, सूचना आणि पावत्या इंग्रजीत, असे दुकान उघडले.

पंधरवड्याने बडोद्याहून एका वाचकांचा फोन आला. पुस्तक मिळाल्याचे सांगून ते पुढे म्हणाले, “अहो, पुस्तके मराठीतली विकता आणि माझ्याशी बोलता मात्र इंग्रजीत. आम्ही गुजरातेत राहून घरात मराठी टिकवली, ती काय इंग्रजी पावती वाचायला?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्यांनी चाळीस चाळीस वर्षे पाट्यांसाठी निवेदने दिली, त्यांनीच आपल्या दुकानाची पाटी न मागता परक्या भाषेत लिहून टाकली होती, आणि तीही कोणत्याही कायद्याचा धाक नसताना.

त्या दिवसापासून आम्ही दुकान मराठीत आणायला बसलो. प्रत्येक शब्दावर चर्चा झाली. ‘कार्ट’साठी कोणी ‘गाडी’ सुचवली, ती हसण्यावारी गेली. ‘टोपली’ भाजीची वाटली. अखेर ‘पिशवी’ ठरली, कारण पुस्तके विकत घेणारा माणूस पिशवी घेऊनच येतो. ‘ऑर्डर’ला ‘मागणी’, ‘रिफंड’ला ‘परतावा’, ‘शिपिंग’ला ‘टपालखर्च’ हे शब्द सहज मिळाले. ‘आउट ऑफ स्टॉक’ला ‘साठा अनुपलब्ध’ असे लिहिले होते; दुकानात बसणाऱ्या आमच्या बाईंनी ते खोडून ‘शिल्लक नाही’ केले. गिऱ्हाइकाला आपण तोंडाने जे सांगतो तेच तेथे लिहावे, हा त्यांचा नियम पुढे आम्ही सर्वत्र लावला. ‘चेकआउट’ने मात्र दोन संध्याकाळी खाल्ल्या. शेवटी एका शब्दाचा हट्ट सोडून बटणावर ‘मागणी पूर्ण करा’ असे लिहिले.

व्यवहाराच्या भाषेची ही चिंता नवी नाही. शिवकालात रघुनाथ पंडितांनी राजव्यवहारकोश रचला, तो कारभारातील फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठी. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू निघाला. त्यात कारभारातील शब्दांचे पर्याय अनेक भाषांत शेजारी शेजारी मांडलेले आहेत. आमची दीडदोनशे शब्दांची यादी या परंपरेत फार लहान आहे. पण कामाची जागा तीच आहे. कवितेपेक्षा पावतीत भाषा लवकर मरते.

दुकानाची मांडणी करताना पहिल्याच पानावर दुकानाचा पत्ता विचारला जातो : देश, राज्य, शहर, पिन कोड. राज्यांची यादी तयार असते, तीतून एक निवडायचे. बेळगावातील दुकानाने ‘कर्नाटक’ निवडणे आले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा प्रलंबित असताना आपणच ते राज्य निवडावे का, असा प्रश्न बैठकीत गंभीरपणे निघाला. राज्याचा रकानाच काढून टाकता येईल, अशीही सूचना आली. आम्ही तो ठेवला. ग्राहकाचे गाठोडे टपालाच्या वाटेने जाते आणि कराचा हिशोबही राज्यावर अवलंबून असतो. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, पण उद्या दुसरी वस्तू विक्रीस ठेवली तर हाच रकाना लागेल. दावा न्यायालयात चालतो. पत्ता पत्त्याच्या जागी असतो. शहराच्या रकान्यात मात्र आम्ही ‘बेळगाव’ असेच लिहिले. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झाले आहे, तरी ५९०००१ हा पिन कोड असला की पत्र दोन्ही नावांनी पोहोचते.

पिन कोडाचा हा गुण अपघाताने आलेला नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली, तिची आखणी केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. ते संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले पत्ते, यांतून टपाल बाहेर काढायचे तर भाषेच्या पलीकडचा आकडा हवा, हे त्यांनी ओळखले. पहिला अंक विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, इंदूर आणि ग्वाल्हेर ४ ने सुरू होतात. बडोदे ३ ने. बेळगाव आणि हैदराबाद ५ ने. मराठी वाचकांचा नकाशा असा तीन अंकांत विभागलेला आहे.

टपालखर्चाची आखणी करताना याच आकड्यांचा उपयोग झाला. वूकॉमर्समध्ये निरनिराळे विभाग आखून प्रत्येकाला वेगळा दर लावता येतो आणि विभाग पिन कोडावरूनही ठरवता येतो. आम्ही ‘सीमाभाग’ नावाचा विभाग केला. ५९० आणि ५९१ या अंकांपुढे फुली टाकली की बेळगाव जिल्ह्यातील सर्व पिन त्यात आले. मग कारवारचा ५८१३०१, बिदरचा ५८५४०१ आणि भालकीचा ५८५३२८ घातला. सरकारी नकाशात जो प्रदेश एका नावाने कोठे दिसत नाही, तो आमच्या दुकानाच्या एका रकान्यात उतरला. अभिमान वाटला, पण तो दोन दिवसच टिकला. सीमाभागातील ग्राहकांनाही उर्वरित भारताचाच दर लागत होता. यंत्र विभाग वरून खाली वाचते आणि जो प्रथम जुळेल तो लावते. आम्ही ‘उर्वरित भारत’ सर्वांत वर ठेवला होता. सीमाभाग ओढून वर नेला तेव्हा दर बरोबर आले. दूरच्या वाचकांसाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेल्या ज्ञान पोस्टचा आधार मिळाला. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असे तिचे दर जाहीर झाले.

खरा धडा भालकीकडील एका निवृत्त गुरुजींनी दिला. त्यांनी तीन पुस्तके पिशवीत घातली, पत्ता भरला आणि मागणी अडली. फोनवर ते म्हणाले, “माझा पिन कोड चुकीचा आहे म्हणते तुमचे दुकान. आयुष्यभर याच पिनवर माझी पत्रे येतात.” आम्ही त्यांना पुन्हा पुन्हा भरायला सांगितले, क्रमांक वाचून घेतला, सर्व बरोबर. शेवटी त्यांच्या नातीने पडद्याचे छायाचित्र पाठवले, तेव्हा उलगडा झाला. गुरुजींच्या भ्रमणध्वनीवर मराठी कळफलक होता आणि त्यांनी पिन देवनागरी अंकांत लिहिला होता. पिनची तपासणी करणारी आज्ञावली फक्त रोमन लेखनातले अंक ओळखते. फोन क्रमांकाच्या रकान्यातही तेच. भाषेचा अडथळा दूर करण्यासाठी जन्मलेला आकडा भाषेपायीच अडला होता. आणि आम्ही दुकान मराठीत आणले म्हणून पाठ थोपटून घेत असताना, मराठीत आकडा लिहिणाऱ्या माणसाला आमचेच दार ‘चूक’ म्हणत होते.

उपाय लहान होता. मागणी तपासली जाण्यापूर्वी शून्य ते नऊ या देवनागरी अंकांच्या जागी नेहमीचे अंक घालणारी चार ओळींची आज्ञावली त्या तरुणाने लिहिली. गुरुजींची मागणी दुसऱ्या दिवशी निघाली.

त्यानंतर आम्ही दुकान दुसऱ्याच दृष्टीने तपासले. पुस्तकाच्या नावावरून पानाचा पत्ता आपोआप बनतो, पण त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना आणि मात्रा तेथे नऊ नऊ चिन्हांत लिहिली जाते, म्हणून आपल्या वाट्याला जेमतेम बावीस चिन्हे येतात. ‘सीमाभागातील मराठी शाळांचा इतिहास’ असे शीर्षक दिले तर पत्ता ‘सीमाभागातील-मराठी-शाळांच’ येथे तुटतो. काना जातो आणि इतिहासही जातो. आता प्रत्येक पुस्तकाला आम्ही हाताने छोटा मराठी पत्ता देतो. जुनी ग्रंथसूची युनिकोडपूर्व अक्षरांत टंकित होती. ती चढवताच अर्थहीन चिन्हांची रांग उमटली, म्हणून सूची नव्याने टंकित करून यूटीएफ-८ स्वरूपात जतन केली. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते, ‘ताऱ्यांचे’मधील अर्धा र सुद्धा; डोळ्यांना सारखे दिसणारे हे प्रकार यंत्राला भिन्न वाटू शकतात, म्हणून सर्व सूचीत एकच प्रकार ठेवला. पावतीची पीडीएफ काढताना जोडाक्षरे फुटली आणि वेलांट्या भलत्या अक्षरांना चिकटल्या, तेव्हा ती सोय बंद करून साध्या पानावरची पावती ठेवली. ई-वाणिज्याच्या २०२० च्या नियमांनुसार दुकानावर तक्रारनिवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क द्यावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते. तो मजकूरही आम्ही मराठीत लिहिला. तक्रार करायला माणूस सर्वांत आधी स्वतःच्या भाषेत येतो.

दुकान आजही लहानच आहे. पण एक गोष्ट आम्हांला स्पष्ट झाली. पाटीवरील मराठीसाठी दुसऱ्याशी भांडावे लागते, आणि ते आम्ही भांडत राहू. पाटीच्या आतील मराठीसाठी कोणाची परवानगी लागत नाही, फक्त बसून काम करावे लागते; आणि ते काम आम्ही टाळले होते.

वर्डप्रेसच्या भाषांतर-संकेतस्थळावर कोणालाही शब्द सुचवता येतात. संपादकांनी मान्य केले की ते सर्वांच्या उपयोगी पडतात. आमची यादी आम्ही तेथे पाठवीत आहोत. गोव्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास किंवा हैदराबादेत आपण दुकानदाराशी मराठीत बोलत असाल, तर तेथे कोणते शब्द चालतात ते आम्हांला अवश्य कळवावे. ‘चेकआउट’ची जागा अजून रिकामीच आहे.