पट्टा

नागपूरची दीक्षाभूमी साऱ्यांना ठाऊक. चांद्याची आपल्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूर झालं आणि दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्याला येऊन इथल्या माणसांना दीक्षा दिली. ती जागा बघायची म्हणून आम्ही चौघं चंद्रपूरला उतरलो.

चांदा म्हणजे गोंड राजांचं गाव. परकोट अजून उभा आहे. जटपुरा गेटातून आजही बस-रिक्षाची गर्दी वाहते. इंग्रजाशी लढलेल्या बाबूराव शेडमाकेला 21 ऑक्टोबर 1858 ला इथंच फाशी दिलं. आता परकोटाबाहेर कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्राची धुरांडी. वीज साऱ्या महाराष्ट्राला, राख चांद्याला.

दुसऱ्या दिवशी ताडोबा. मोहर्ली गेटातून जिप्सी निघाली. पुढच्या गाडीत हातभर लांब कॅमेरे. हे जंगल 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, पुढं व्याघ्र प्रकल्प झाला. ताडोबा हे नाव मात्र माणसाचं. गोंडांचा तारू वाघाशी झुंजता झुंजता मेला नि देव झाला, असं तिकडं सांगतात. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. वाघासाठी बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी ही गावं बाहेर काढली. कागदावर याला पुनर्वसन म्हणतात.

वाघीण दिसली. रस्ता ओलांडून बांबूत शिरली. गाईड म्हणाला, "साहेब, दोन वाघाईचे पट्टे सारखे नसतात. कॅमेऱ्याचे फोटो लावून साऱ्याईची नोंद ठेवतात."

गाईड आपलाच पोरगा. बफरमधल्या गावचा. जयभीम झाला तसा साहेबाचा भाऊ झालो. म्हणाला, "भाऊ, वाघामुळंच मले रोजी भेटते, खोटं काहून बोलू? पण माही मोठी माय मोहफुलं वेचाले गेली ते आलीच नाही. अन् आमचा जमिनीचा पट्टा अजून अडकून हाये. म्हणतात, जुना कागद आणा."

दोस्तहो, जंगलात दोनच पट्टे. एक वाघाच्या अंगावर, दुसरा वनहक्काचा. पहिल्याची नोंद झाली. दुसऱ्यासाठी 2006 चा वनहक्क कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. आदिवासीला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. जो आदिवासी नाही, म्हणजे तुम्ही-आम्ही, तो 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्याला त्याच तारखेमागं तीन पिढ्यांचं वास्तव्य सिद्ध करायचं. पिढी पंचवीस वर्षांची. हिशेब 1930 पर्यंत जातो.

1930 साली आपण कुठं होतो? नाशिकला काळारामाच्या बंद दारापुढं सत्याग्रहाला बसलो होतो. ज्याला देवळात घेत नव्हते, शाळेत पाणी देत नव्हते, त्याच्या आज्यानं रानातल्या वावराचा कागद जपून ठेवायचा होता म्हणे!

आदिवासीशी आपलं भांडण नाही. त्याचा हक्क पहिला, तो त्याला मिळालाच पाहिजे. वाघाशीही वैर नाही. भांडण आहे ते 'कागद आणा' म्हणणाऱ्याशी. कारण त्या कायद्याच्या नियमात पुरावा म्हणजे निव्वळ सरकारी कागद नव्हे. दावेदार सोडून गावातल्या इतर म्हाताऱ्यांनी सांगितलेली नि लिहून घेतलेली साक्षही पुरावा आहे. जुनी विहीर, घराचा चौथरा, मसणवट, हेही धरतात. एकाहून जास्त पुरावे जोडायचे, एवढंच. अमुकच कागद पाहिजे असा हट्ट धरता येणार नाही, हे 2012 च्या दुरुस्तीनं घातलेलं आहे.

हे सारं संध्याकाळी गाईडच्या अंगणात कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली वाचून दाखवलं. त्याची आजी ऐकत होती. म्हणाली, "मग लेका, लिहून घे ना! शेजारच्या वावराचं मी सांगतो, माह्या वावराचं थे सांगंल."

शिकलेल्या पोरांनो, वही-पेन घेऊन जा. म्हातारी माणसं फार दिवस थांबत नाहीत.