हातात नसलेला कॅमेरा

लग्नाच्या मांडवात दोन कॅमेरे घेऊन वावरणाऱ्या छायाचित्रकाराचं सगळं लक्ष डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्यात असतं, आणि ते तिथेच असायला हवं. त्या कॅमेऱ्याला दोन हातांचा आधार असतो, तो सहसा पडत नाही. पडतो तो दुसरा, कमरेशी लोंबणारा, ज्याचा त्या घडीला विसर पडलेला असतो. हार्नेस विकत घेताना मात्र आपण वेगळंच तपासतो: कॅमेरा किती झटकन वर येतो, खांद्याची गादी किती जाड आहे, चामडं कसं दिसतं. माझं म्हणणं असं, की ही सगळी मांडणी हातात नसलेल्या कॅमेऱ्याचा विचार करून ठरवावी, आणि तिची पहिली अट ही, की तो कधीही एकाच सांध्यावर टांगलेला नसावा.

आधी वजन पाहू. कॅननच्या ५डी मार्क ४ ची बॉडी बॅटरी आणि कार्ड धरून ८९० ग्रॅम. तिला ७०-२०० एफ/२.८ ची दुसऱ्या पिढीची लेन्स लावली की आणखी १४९० ग्रॅम. दुसऱ्या बॉडीवर २४-७० एफ/२.८, ती ८०५ ग्रॅम. फ्लॅश सोडूनही हा भार चार किलोंच्या वर जातो. यातला टेलीचा जोड जवळजवळ २.४ किलोंचा, आणि तिरक्या पट्ट्यांच्या बऱ्याच प्रकारांत तो ट्रायपॉडच्या भोकात बसवलेल्या एका पाव इंची स्क्रूवर लोंबतो. त्या स्क्रूला इंचाला २० आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात तो १.२७ मिलिमीटर सरकतो, आणि भोकात तो शिरलेला असतो जेमतेम पाच मिलिमीटर. चार फेरे उलटे फिरले की कॅमेरा मोकळा. एवढ्या भाराने स्क्रू तुटत नाही, तो सुटतो. कॅमेरा वर घेताना, खाली सोडताना, नुसतं चालतानाही त्याला थोडा थोडा पीळ बसत राहतो. हा पीळ फिरत्या कडीने जिरवावा अशी रचना असते, पण घाम आणि हळदीची पूड कडीत साचली की ती अडते आणि पीळ सरळ स्क्रूकडे जातो. रबरी वॉशर नीट दाबला जाईपर्यंत स्क्रू आवळणं आणि विधी बदलताना बोटांनी तो चाचपून पाहणं हे जरूर करावं. पण त्याने बळकट होतो तो तोच एक सांधा. तो सुटला तर पुढे काय, याचं उत्तर त्यात नाही.

ते उत्तर दुसऱ्या दोरीत आहे, आणि ती कुठे बांधायची यात खरी मेख आहे. जड टेली बॉडीच्या बुडाला टांगली तर लेन्सचं सगळं वजन माउंटवर येतं. म्हणून मुख्य हुक लेन्सच्या पायाला, म्हणजे ट्रायपॉड कॉलरला लावावा आणि सुरक्षेची दोरी बॉडीच्या पट्ट्याच्या कडीला. लेन्सचा पाय हाही एक सांधाच आहे. काही कॉलर बिजागरीवर उघडतात आणि त्यांचा पेच सैल होऊ शकतो. लेन्स सोडवायचं बटण कंबरेवर घासून दाबलं जाणं, हीदेखील खरी शक्यता आहे. एक आधार लेन्सला आणि दुसरा बॉडीला असेल तर यांतलं काहीही घडलं तरी दोन्ही तुकडे अंगाशीच राहतात. मात्र या दोरीचं वरचं टोक हार्नेसच्या वेगळ्या कडीत हवं. दोन्ही एकाच हुकात अडकवली तर सांधा पुन्हा एकच झाला. आणि दोरीत ढील ठेवू नये. ३० सेंटिमीटर ढील असेल आणि थांबताना दोरी ३ सेंटिमीटर ताणली गेली, तर सरासरी हिसका कॅमेऱ्याच्या वजनाच्या अकरा पट, म्हणजे २६ किलोंच्या भाराएवढा बसतो. ढील ५ सेंटिमीटरच ठेवली तर तोच साडेसहा किलोंच्या आत राहतो. पायाला दोन भोकं असतील तर बॉडीकडचं घ्यावं. त्यामुळे लेन्सचं तोंड जड होऊन खाली झुकतं. नाहीतर ते मागे आडवं राहतं, आणि आपल्या कमरेच्या उंचीवर लहान मुलांचे चेहरे असतात. मला कॅमेऱ्यापेक्षा ही काळजी मोठी वाटते.

आपल्या लग्नात आणखी एक गोष्ट आहे, जिचा विचार उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बेतलेल्या हार्नेसमध्ये दिसत नाही. आपले विधी जमिनीलगत होतात. वधूवर पाटावर, होमकुंड त्याहून खाली, भोवती समई, कलश, रांगोळी, आणि छायाचित्रकार अनवाणी उकिडवा बसलेला. हूड लावलेली ७०-२०० पाऊण फुटापेक्षा लांब भरते. उकिडवं बसताच ती आधी जमिनीला टेकते किंवा समईला धडकते. म्हणून पट्टा आखूड हवा, हूडचं टोक मांडीच्या मध्याखाली जाऊ नये. बसण्याआधी डाव्या हाताने लोंबती लेन्स धरून मांडीवर घ्यायची सवय हवी. याच कारणाने मी टेली डावीकडे ठेवण्याच्या मताचा आहे. डावा तळवा आपोआप लेन्सखाली जातो आणि उजवा हात कॅमेऱ्याच्या पकडीसाठी मोकळा राहतो. कमरपट्ट्याच्या हुकाचे चाहते पुष्कळ आहेत, खांद्यांना तो खरोखर आराम देतो, पण उकिडवं बसताना त्यावरचा कॅमेरा मांडीत रुततो. रुंद पाठीचं, दोन्ही खांद्यांवर भार वाटणारं हार्नेस आपल्या मांडवाला जास्त सोयीचं.

कोणी म्हणेल, दोन कॅमेरे हवेतच कशाला? एक कॅमेरा, आणि लेन्स बदलावी. पण मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात आणि हार गळ्यात जातात. यातलं प्रत्येक डोळ्याचं पातं लवेपर्यंत होऊन जातं. कानपिळी तर त्याहून लवकर उरकते. अक्षतांच्या वर्षावात किंवा होमाच्या धुरात उघडं माउंट धरून बसणं सेन्सरच्या जिवावरचं आहे. शिवाय एक बॉडी बंद पडली तर लग्न पुन्हा लागत नाही. मिररलेस आल्याने भार घटला, हे खरं. सोनीच्या दोन ए७ ४ बॉडी आणि ‘जीएम’ मालिकेतल्या दुसऱ्या पिढीच्या ७०-२०० आणि २४-७० या लेन्स मिळून तीन किलोंच्या आसपास भरतात. म्हणजे पाठीवरचं एक किलो उतरलं, पण ट्रायपॉडचं भोक तेच राहिलं आणि आटेही तेवढेच. मदतनिसाच्या हातात दुसरा कॅमेरा देण्याचा मार्ग वरवर सुरक्षित वाटतो, पण अंधारात, रेटारेटीत, एका हातातून दुसऱ्या हातात जातानाच वस्तू निसटतात, आणि मदतनिसाच्या हातात बहुधा लाइटचा स्टँड असतो. दोन दोऱ्यांचा गुंता होतो, कॅमेरा वर यायला क्षणभर उशीर होतो, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. दोरी आखूड आणि गुंडाळी न होणाऱ्या चपट्या पट्टीची घेतली तर तो उशीर नगण्य होतो. उरला तेवढा सोसावा.

जिथे ही मांडणी पुरी पडत नाही, अशी एक जागा आहे: वरात. नाचणारे हात, चारही बाजूंनी धक्के, रस्त्यावर डीजेच्या गाडीची वायर. तिथे लोंबणाऱ्या कॅमेऱ्याला कितीही दोऱ्या बांधल्या तरी तो कोणाच्या तरी कोपराला, कोणाच्या तरी कपाळाला लागणारच. त्या गर्दीत टेलीला दूरचं काही टिपायची जागाही मिळत नाही. तेव्हा वरातीपूर्वी ती काढून बॅगेत ठेवावी, बॅग कार्यालयाच्या खोलीत कुलपात जावी, आणि एका बॉडीवर वाइड लेन्स आणि फ्लॅश लावून, तो कॅमेरा हातातच धरून रस्त्यावर उतरावं.